आत्याच्या होडीची बॅटरी

बदलापूरच्या बाजारात वालाच्या कोवळ्या शेंगा दिसायला लागल्या की थंडी आली असं मी धरते. कॅलेंडर काहीही म्हणो. रस्त्याच्या कडेला गोणपाट अंथरून बायका बसतात, समोर शेंगांचा ढीग, त्यावर पाण्याचा हबका मारलेला. यंदा त्या ढिगासमोर उभी राहिले, तो हिरवट, जरासा उग्र वास नाकात शिरला, आणि मला काय आठवावं? उल्हासनगरातलं बॅटरीचं दुकान. शेंगांच्या वासाला ते दुकान असं चिकटून बसलं आहे की आता सुटायचं नाव घेत नाही.

गेल्या वर्षीची थंडी माझ्या लेखी बॅटरीची थंडी होती. त्या सबंध मोसमात मी जितकी गोंधळलेली होते तितकी लग्न ठरवताना किंवा फ्लॅट घेतानाही नव्हते.

सुमनआत्या, माझ्या वडिलांची धाकटी बहीण, वांगणीच्या अलीकडे नदीकाठच्या गावात राहते. घर या काठाला आणि मळा त्या काठाला. थंडीत उल्हास नदी आमच्या गावापाशी तळ्यासारखी पसरून असते, पाणी पुढे जातंय की नाही ते पान टाकून बघावं लागतं. पूल आहे, पण त्याला एवढा वळसा पडतो की भाजीचा भारा घेऊन त्या वाटेने येणाऱ्याला आत्या वेड्यातच काढेल. तिची फायबरची लहानशी होडी आहे. दोन वल्ही. सकाळी पल्याड जायचं, ऊन चढलं की माठ, मुळा, वांगी, वाल असं जे निघेल ते घेऊन परत यायचं. मला कळतं तेव्हापासून आत्या अशीच येते-जाते. लहानपणी सुट्टीत तिच्याकडे गेले की सकाळी जाग यायची ती वल्ह्यांच्या आवाजाने. लाकडाचं कुरकुरणं, मग पाण्याचा चुबुक, मग थोडी शांतता. पुन्हा कुरकुर.

गेल्या वर्षी वाल पेरून झाला आणि आत्याचा उजवा खांदा धरला. आधी तिने तेल लावलं, मग वेखंड उगाळून लावलं, मग मी तिला बदलापूरला फिजिओथेरपिस्टकडे नेलं. त्या मुलीने हात वर करायला सांगितला. तो कानापर्यंतसुद्धा गेला नाही. "आजी, काम काय करता?" असं तिने विचारलं. आत्या म्हणाली, "काय नाय, घरीच असते." मी होडीचं सांगितल्यावर त्या मुलीने हातातलं पेन खाली ठेवलं. वल्हं मारायचं नाही, म्हणाली. थोडे दिवस नाही, कायमचं विसरा.

आत्याचा मुलगा प्रशांत डोंबिवलीला असतो. त्याला हे कळलं तसा त्याने फोनवर सुटकेचा निःश्वास टाकला. "ताई, तूच समजाव आता तिला. बस झालं. इकडे ये म्हणावं, नातवंडांत राहा." त्याचं चुकत नव्हतं. एकटी बाई, पाण्यातून येणं-जाणं, तोही नोकरी सोडून रोज येऊन बघू शकत नाही. मी आत्याला हे सगळं नीट सांगितलं. तिने ऐकून घेतलं आणि म्हणाली, "पेरलाय ना पन वाल."

अशात ती मोटर आली. गावाजवळ एका साहेबांचं फार्महाऊस आहे, त्यांना आत्या भाजी देते. त्यांनी कधीतरी हौसेने आपल्या तळ्यासाठी ट्रोलिंग मोटर आणली होती. लांब दांडा, खाली पाण्यात फिरणारा छोटा पंखा, वर हातात धरायला मूठ. होडीच्या मागे अडकवायची, मूठ फिरवायची, की होडी चालते. ना धूर, ना आवाज. पण तळ्याने दगा दिला, उन्हाळ्यात त्यात पाणीच राहिना. मोटर खोलीत पडून होती आणि तिची जुनी बॅटरी केव्हाच मेलेली. साहेब आत्याला म्हणाले, "घेऊन जा मावशी, इथे गंजतेच आहे. फक्त बॅटरी तेवढी बघा."

बॅटरी तेवढी बघा! मी अंबरनाथच्या औद्योगिक वसाहतीत एका कंपनीत परचेसला आहे. व्हॉल्व्ह, पाइप, पंप, हातमोजे, सगळं मी घेते. तीन कोटेशन मागवायची, समोरासमोर ठेवायची, घासाघीस करायची. मी छातीठोकपणे म्हणाले, "आत्या, बॅटरी माझ्याकडे लागली."

त्यानंतर मला एक गोष्ट धड कळलेली आठवत नाही.

मोटरीवर पाउंडात एक आकडा होता. तो मी वजनाचा समजले, तो निघाला जोराचा. व्होल्ट बारा, हे छापलेलं होतं, तेवढा एक आधार. पण बारा व्होल्टची बॅटरी म्हणजे इन्व्हर्टरची, गाडीची, ई-रिक्षाची, सौर दिव्याची, सगळ्यांचीच. त्यात शिशाची आणि लिथियमची. लिथियममध्ये पुन्हा जात वेगळी, मोबाईलमधली एक आणि फॉस्फेटवाली दुसरी. एक जण म्हणे शंभर अँपिअर-अवर हवी, दुसरा म्हणे निम्मी पुरे, तिसरा म्हणे आत सेल नवे आहेत की जुन्या गाड्यांतून काढलेले ते आधी बघा. ते बघायचं कसं? तर बघता येत नाही, विश्वास ठेवायचा. जेवणाच्या सुट्टीत मी डबा उघडून विषय काढला की टेबलाभोवतीचा प्रत्येक जण तज्ज्ञ व्हायचा. मेंटेनन्सचे कुलकर्णी शिशाच्या बाजूचे. अकाउंट्समधल्या मोरे मॅडमच्या सोसायटीत स्कूटर पेटली होती, त्यामुळे लिथियम म्हटलं की त्या कानांवर हात ठेवायच्या. मी सगळ्यांचं ऐकायची आणि ज्याचं शेवटी ऐकलं त्याच्यासारखी व्हायची.

शेवटी एका शनिवारी आत्यालाच घेऊन उल्हासनगर गाठलं. तिची होडी, तिचा खांदा, तिने बघायला नको का? बाजाराच्या त्या गल्लीत दुकानं एकमेकांना खेटून उभी, वायरींची भेंडोळी बाहेर टांगलेली. आत्याने जाताना ठेवणीतलं लुगडं नेसलं होतं. दुकानातले सिंधी शेठ वयाने आत्याएवढेच असतील. त्यांनी पंख्याखालची खुर्ची तिला दिली आणि चहा मागवला.

"होडी के लिए?" त्यांनी दोनदा विचारलं. "आमच्याकडे रिक्षावाले येतात, सोलरवाले येतात. होडी पहली बार. बोला अम्मा, कितना टाइम चलाना है?"

"जायाचं नि यायाचं," आत्या म्हणाली.

"हां, मगर किती लांब?"

आत्याने विचार केला. "हाक मारली तर ऐकू जातं. वारा असला तर नाय जात."

शेठनी माझ्याकडे बघितलं. मी चहाकडे बघितलं. आयुष्यभर मी पुरवठादारांना मापं देत आले होते, पण हाकेचं अँपिअरमध्ये काय होतं ते मला सांगता येईना.

शेठनी एक निळी बॅटरी काढून काउंटरवर ठेवली. लिथियम, फॉस्फेटवाली. "ही उचला अम्मा. डाव्या हाताने उचला." आत्याने कान पकडून उचलली आणि तिचा चेहरा उजळला. बाजूला तेवढ्याच ताकदीची शिशाची बॅटरी होती, ती मला दोन्ही हातांनी जागची हलली नाही. आत्या ती निळी बॅटरी मांडीवर घेऊन बसली, एखाद्याचं बाळ घ्यावं तशी. मला वाटलं, झालं काम. सुटलो.

मग तिने विचारलं, "संपायला आली का कळंल ना?"

"वही तो बात है!" शेठ खूष होऊन सांगू लागले. "शिशावाली कशी, हळूहळू ढिली पडते. पंखा धीमा होतो, तुम्हाला समजतं ही थकली. लिथियम का ऐसा नहीं. लास्ट तक फुल ताकद. एकदम एक नंबर. आणि मग सीधा बंद."

"न सांगता?"

"आतमध्ये सर्किट असतं ना अम्मा, तेच बंद करतं. बॅटरीच्या सेफ्टीसाठी."

आत्याने बॅटरी मांडीवरून उचलून काउंटरवर ठेवली. पदर सारखा केला. "नको," म्हणाली. "चल बाय, जाऊ."

शेठ बिचारे गोंधळले. त्यांनी भाव कमी करून पाहिला, दुसरा रंग दाखवला. आत्या पायऱ्या उतरून रस्त्यावर उभी होती.

नको का, ते मला तिथेच समजलं. आत्याचे यजमान, त्यांना आम्ही मामा म्हणायचो, मोरिवलीजवळच्या एका कारखान्यात होते. अंगाने दणकट. कधी ताप नाही, कधी दुखणं नाही. एक दिवस पाळी संपवून घरी आले, पायरीवर बसून बूट काढायला वाकले, आणि गेले. एक बूट पायात होता. आत्या तेव्हा आत पाणी तापवत होती. सांत्वनाला येणारा प्रत्येक जण विचारायचा, काही होत होतं का, काही बोलले होते का, आणि आत्या प्रत्येकाला तेच सांगायची, "काय नाय. काऽय नाय. शेवटपर्यंत नेहमीसारखे."

रिक्षात मी मनातल्या मनात वाक्यं जुळवत होते. तिला काय सांगायचं? की अगं आत्या, ती बॅटरी आहे? ते तिलाही ठाऊक होतं. तिला बॅटरी कळत नव्हती अशातला भाग नव्हता. उलट मला वाटायला लागलं की या सगळ्या घोळात बॅटरीबद्दल ज्याला काहीतरी ठाम वाटतंय असं माणूस एकच आहे, ती.

मग शिशाची. बदलापूर पूर्वेला इन्व्हर्टरच्या दुकानदाराने एक जुनी बॅटरी आठवडाभर वापरून बघायला दिली. ती टेम्पोतून आत्याच्या अंगणापर्यंत आली. अंगणापासून पाण्यापर्यंत उतार आहे, चिखलाच्या पायऱ्या खोदलेल्या. मी आणि शेजारचा गणपत मिळून ती उतरवता उतरवता गणपतचा पाय घसरला, बॅटरी कलली आणि आम्ही दोघं खाली बसलो. ती होडीत ठेवली तेव्हा होडीचं मागचं अंग असं बसलं की पाणी काठाला टेकलं. वर आत्या उभी होती. आम्ही ती परत वर आणली. उतरवण्यापेक्षा चढवणं वाईट.

म्हणजे जी सांगून थांबते ती उचलवत नाही, आणि जी उचलवते ती सांगत नाही. मी घरी येऊन रोज हेच घोकत बसायची. नवरा म्हणाला, "तू आत्याला इकडेच आण ना." प्रशांत म्हणाला, "ताई, देवच सांगतोय, सोड म्हणून." मला कधी कधी त्यांचं पटायचं. मग दुसऱ्या दिवशी ऑफिसला जाताना कुणाच्या तरी परसात वालाचे वेल फुललेले दिसायचे, पांढरे आणि जांभळे, आणि पल्याडच्या मळ्यात शेंगा धरल्या असतील, हे आठवून पटलेलं सगळं गळून पडायचं. पुलाच्या वाटेने गणपत एकदा जाऊन आला. शेंगा भरल्यात, म्हणाला. अजून थोडे दिवस गेले तर जून होतील.

त्या रविवारी मी गावाला गेले तर आत्या पडवीत बसलेली. केस मोकळे, मांडीवर फणी. इतक्या उशिरा आत्याचे केस विंचरायचे राहिलेले मी कधी पाहिले नव्हते.

"काय गं, बरं नाही?"

"हात जात नाय मागं," ती म्हणाली, आणि नजर चुकवली.

अंगणात दोरीवर तिचं लुगडं वाळत होतं, काठ चिखलाने माखलेला. पडवीच्या कोपऱ्यात पाटी होती, तीत शेंगा. तिच्या मागे बसले आणि फणी घेतली. आत्याचे केस किती विरळ झालेत ते मला तेव्हा कळलं. फणी फिरताना ती डोळे मिटून बसली होती.

"येताना अर्ध्यात आले आनि हातच उचलंना," ती म्हणाली. "मंग एका हातानं. होडी नुसती गोल फिरली. लय येळ फिरली." थोड्या वेळाने म्हणाली, "मी पन कुठं सांगितलं कुनाला? खांदा केव्हाचा दुखत होता."

मी वेणी घातली, गाठ मारली. तिने हात लावून पाहिली, डाव्या हाताने. "घेऊ ती निळी," म्हणाली. "पन तिला काट्याचं घड्याळ लाव काहीतरी. किती ऱ्हायली ते दिसलं पायजे."

तसं यंत्र मिळतं. शेठनी ते बॅटरीच्या डोक्यावर बसवून दिलं, आकडा दाखवणारी छोटी पेटी. आत्याने चष्मा लावून ती निरखली. "हे खरं बोलतं का?"

"मोटामोटी," शेठ म्हणाले. माणूस प्रामाणिक होता.

पहिल्या फेरीला मी सोबत गेले. बॅटरी झाकणाच्या डब्यात, होडीच्या मधोमध. आत्या मागे मुठीशी, मी पुढे. वल्ही मी तळाशी ठेवून घेतली होती, मला ती मारता येत नाहीत हे सोयीस्करपणे विसरून. काठावर गणपत, त्याची बायको आणि बरीच पोरं. आत्याने मूठ फिरवली. आवाज असा झालाच नाही, फक्त काठ मागे सरकायला लागला. आत्याचा चेहरा मला दिसत होता. घाबरलेली होती आणि हसू आवरत होती.

नदीच्या मधोमध जलपर्णीचा एक तुकडा वाहत आला होता. लांबून हिरवी चटई दिसावी तसा. आत्याने वळवायला मूठ ढकलली, ती नेमकी उलट्या दिशेला. होडी सरळ त्यात शिरली. पंख्याने गुरगुर केली, आत्याने घाईत वेग वाढवला, आणि सगळं बंद.

मी पेटीकडे बघितलं. निम्म्याहून जास्त बॅटरी शिल्लक होती, आणि तरी बंद. एवढी पेटी लावली, एवढी माणसं विचारली, तरी न सांगता ती थांबलीच. मी घाबरले. पाण्यामुळे नाही, आत्याचा चेहरा बघायला लागेल म्हणून. मी वल्ही उचलली आणि मारायला लागले. होडी आपल्याच भोवती फिरली. काठावरची पोरं ओरडायला लागली. मी दुसरीकडून जोर लावला. ती दुसरीकडून फिरली.

"ठेव ती, ठेव," आत्या म्हणाली. ती हसत होती. खरंच हसत होती, खांदा धरून. "मोटर वर घे. अशी. धर दांडा."

मी दांडा धरून पंखा पाण्याबाहेर काढला. आत्याने कमरेचा विळा घेऊन डाव्या हाताने मुळं कापायला सुरुवात केली. लांब, काळी, केसांसारखी मुळं. ती एकेक सोडवून पाण्यात टाकत गेली, सावकाश, दुपारभर वेळ असल्यासारखी. मग पंखा पुन्हा खाली सोडला, वेग कमी केला आणि मूठ फिरवली.

चालू झाली. जोर जास्त पडला म्हणून आतल्या सर्किटने बंद केली होती आणि जोर गेल्यावर सोडली, हे मला शेठनी नंतर फोनवर समजावलं. तेव्हा मला काहीच कळलं नव्हतं. मी आत्याकडे बघत राहिले.

"परत आली की नाय," आत्या म्हणाली. बस, तेवढंच. आणि मूठ फिरवत राहिली.

वाल तेवढा निघाला. काही शेंगा जून झाल्या, त्यांचे दाणे वाळवून ठेवले, त्याचं बिरडं आम्ही पुढे पावसाळ्यात खाल्लं. प्रशांत एका रविवारी सहकुटुंब आला, होडीत बसून पल्याड जाऊन आला, मुलांचे फोटो काढले. परतल्यावर मला बाजूला घेऊन म्हणाला, "तरी मला भीती वाटतेच ताई." मी म्हणाले, "मलापण." आम्हा दोघांचं त्या विषयावर पहिल्यांदाच एकमत झालं.

आता गावातले लोक मला फोन करतात. कोणाला मासेमारीला हवी, कोणाला वाळवणाच्या पंख्याला. "ताई, कनची बॅटरी घेऊ?" मी म्हणते, काय काय उचलता येतं तुम्हाला? कुठे जायचंय? ते म्हणतात, असं काय विचारता, नाव सांगा. आणि मी पुन्हा तिथेच, दुकानाच्या पायरीवर.

यंदाची पेरणी झाल्यावर मी आत्याबरोबर पल्याड गेले. सकाळचं धुकं पाण्यावरून उठत होतं. नदीच्या मध्यावर आल्यावर तिने वेग कमी केला आणि समोरच्या काठाकडे मान करून म्हणाली, "बाय, तुला माहिताय, हा काठ जवळ येताना मी कधी बघितलाच नव्हता."

"म्हणजे?"

"वल्हं मारताना पाठ हिकडं. तोंड घराकडं. सगळा जन्म जाताना मी घरच बघितलं." तिने मूठ जरा सरळ केली. "तुझे मामा रातपाळी करून यायचे ना, तवाच मी निघायची. काठावर उभे ऱ्हायचे. मी पल्याड पोचेपर्यंत हलायचे नाय. मंग झोपायला जायाचे. मी हात करायची नाय, दोन्ही हातात वल्हं. नुसती बघत बघत जायाची."

पंखा पाण्यात हलकेच फिरत होता.

"ते गेल्यावर पन तोंड तिकडंच. कोन नसायचं, तरी बघायलाच लागायचं. किती वर्सं." मग समोर हनुवटी करून म्हणाली, "आता हे दिसतंय. वेगळंच वाटतंय."

"बरं वाटतं ना पण?" मी विचारलं.

समोरून वालाच्या ओळी जवळ येत होत्या, कोवळी दुहेरी पानं, दवाने पांढरी झालेली. ती एकदा मागे वळली, चांगली पूर्ण मान वळवून, आणि घराच्या काठाकडे बघितलं.

"अजून कळत नाय गं," म्हणाली, आणि पुन्हा समोर बघून तिने मूठ फिरवली.